बाँड रायटर आणि कलम 14

बँकेत असताना माझी निम्मी नोकरी गहाणखतं वाचण्यात गेली. ती लिहिणारे लोक आता आठवणीतूनही चाललेत, म्हणून हे लिहितोय.

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यात होता. जुने दस्तलेखक मोडी वाचायचे, मराठीत खरेदीखत, वाटणीपत्र, संचकारपत्र लिहायचे. आपण त्यांना बाँड रायटर म्हणायचो. 1979 साली कर्नाटकात दस्तलेखकांसाठी परवान्याचे नियम आले. वकिलांना मात्र वेगळा परवाना नको, त्यांची सनदच पुरे.

निपाणी भागातल्या शाखेत असताना एक वयस्क काका आमची गहाणखतं लिहायचे. चतुःसीमा लिहिताना कधी चूक नाही. परवाना नसल्यानं पुढे ते दुसऱ्याच्या टेबलाशेजारी मदतनीस म्हणून बसू लागले. एकदा म्हणाले, "काय ओ साहेब, वकील लिहिला तर चालतंय, मी लिहिला तर का चालत नाही ओ?"

तेव्हा मी गप्प बसलो. बी. कॉम.ला शिकलेला कायदा तेवढ्यावर पुरा पडेना. नंतर वकील मित्रांकडून समजून घेतलं ते असं.

घटनेचं कलम 14 समानता सांगतं, पण सगळ्यांना एकच नियम असं म्हणत नाही. वर्ग पाडता येतात. फक्त तो फरक खरा हवा आणि नियमाच्या हेतूशी त्याचा संबंध हवा. वकिलाला पदवी लागते, 1961 च्या कायद्याखाली शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे वकिलांना दिलेली सूट टिकण्यासारखी आहे. परवानाही गैर नाही. एक सर्व्हे नंबर चुकला तर अडाणी माणसाचं शेत जातं, हे मी बँकेत बघितलंय.

पण दुसरी बाजूही आहे. निपाणीकरांनी लक्षात ठेवावा असा 1950 चा चिंतामणराव खटला. मध्य प्रांतात शेतीच्या हंगामात विडी वळायला बंदी घातली होती, शेताला मजूर मिळावेत म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. शेतात राबू न शकणाऱ्या म्हाताऱ्या, अपंग माणसांचीही रोजी त्यात जात होती. बंधन हेतूला लागेल तेवढंच हवं, जास्त नको.

हेच माप आपल्याकडे लावा. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 19 म्हणतं, दस्ताची भाषा अधिकाऱ्याला कळत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्रास वापरातलीही नसेल, तरच भाषांतराशिवाय दस्त नाकारायचा. दोन्ही अटी एकदम लागतात. निपाणीत मराठी वापरात नाही असं कोण म्हणेल? मग मराठी दस्त लिहिणाऱ्याची पारख त्याच्या दस्त लिहिण्यावरून व्हावी, कन्नड किती येतं यावरून नव्हे. कन्नड शिकावं, मीही शिकलो, नोकरीत उपयोगच झाला. पण नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा भार एकाच गटावर पडत असेल, तर त्याला समानता म्हणायचं का? काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला वकिलाच्या सनदेत नाही, इथे सापडलं. त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

2023 पासून कावेरी 2.0 आलं, बरंचसं काम ऑनलाइन गेलं. तुमच्या घरातलं जुनं खरेदीखत काढून शेवटची ओळ बघा. "बिकलम" असं लिहून एक नाव असेल. ते कोण होते, कुठे बसायचे, आठवत असेल तर खाली जरूर लिहा.