पायाखालचा खर्ज

इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात 'फझ' नावाच्या आवाजाला मोठा मान आहे. घोगरा, फाटका, रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये अडकल्यावर यावा तसा आवाज. 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने तो वाजवला आणि जगभरच्या पोरांना वेड लागलं, असं सांगतात. ते खरंच आहे. पण फझचं पेडल ज्या अपघातातून जन्माला आलं, तो अपघात गिटारवर झालाच नव्हता. तो झाला बेसवर.

गाणं होतं मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी', 1961 मध्ये बाजारात आलेलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेसवर छोटासा तुकडा वाजवत होता. मिक्सिंग कन्सोलच्या ज्या चॅनलमधून त्याचा आवाज जात होता, तो चॅनल नेमका बिघडला आणि बेसचा गोल, भरीव स्वर भुंग्यासारखा गुरगुरू लागला. तुकडा काढून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला आणि गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मग इतरांनाही तोच आवाज हवासा वाटू लागला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने एका सहकाऱ्याच्या मदतीने ट्रान्झिस्टर वापरून तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं आणि गिब्सन कंपनीला दिलं. 1962 मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने आलं. गंमत म्हणजे ते विकताना सांगितलं जात होतं की याच्यामुळे तुमची तारवाद्यं पितळी वाद्यांसारखी, चेलोसारखी वाजतील! सुरुवातीला फारसं कोणी घेतलं नाही. खुद्द कीथ रिचर्ड्सनेही 'सॅटिस्फॅक्शन'ची ती ओळ पुढे पितळी वाद्यांवर वाजवायची म्हणून खूण करून ठेवली होती.

मी पुण्यात बेस वाजवतो. वाद्यवृंदात, कधी लग्नात, कधी गणपतीत, आणि जमलं तर आमच्या स्वतःच्या बँडमध्ये. या गोष्टीकडे मी जरा हक्काने पाहतो ते त्यामुळे. बेसवर झालेल्या अपघातातून इफेक्ट पेडलचा एवढा मोठा धंदा उभा राहिला आणि पुढची तीसेक वर्षं त्या धंद्याने बेसवाल्याला दाराबाहेरच उभं केलं. पेडलं निघाली ती गिटारसाठी. बेसवाल्याने तीच उसनी घ्यायची आणि खर्ज हरवून बसायचं.

हे का होतं, ते आधी सांगतो. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. गिटारच्या जाड तारेचा आकडा 82. फझ किंवा डिस्टॉर्शन म्हणजे थोडक्यात आवाजाच्या लाटेचे माथे छाटणं. माथे छाटले की वरचे नवे उपस्वर तयार होतात. कानाला जो 'फाटलेपणा' जाणवतो तो हाच. पण त्यासोबत तार जोरात किंवा हळू छेडल्यातला फरकही जातो. बेसचं तर अर्धं काम त्या फरकावर चालतं. शिवाय गिटारसाठी पेडल बनवणारे खालचा आवाज जाणूनबुजून कमी ठेवतात, कारण गिटारने खालच्या भागात गर्दी केली की सगळं गाणं चिखल होतं. आयबानेझचं 1979 मधलं ट्यूब स्क्रीमर घ्या. त्यात साधारण 720 हर्ट्झच्या खालचा आवाज मुद्दाम कमी वाढवलेला असतो. गिटारसाठी हा शहाणपणा आहे. बेस त्यात घातला की मात्र घरातला कर्ता माणूस बाहेर बसवून पाहुण्यांनीच गप्पा माराव्यात, तसं होतं.

यावरचा इलाज संगीतकारांना पेडल कंपन्यांच्या फार आधी सापडला होता. नॅशव्हिलमध्येच उभ्या, लाकडी बेसच्या जोडीला सहा तारांचा बेस हाताने दाबून 'टिक-टिक' असा वाजवायची पद्धत होती. लाकडी बेस खर्ज देणार, दुसरा बेस त्या स्वराला कडा देणार. 1965 मध्येच बीटल्सच्या 'थिंक फॉर युवरसेल्फ'मध्ये पॉल मॅकार्टनीने दोन बेस वाजवले आहेत: एक साधा आणि त्याच्यावर एक फझमधून. हेडफोन लावून ऐका. वरचा बेस गुरगुरत, जवळजवळ टोमणे मारत फिरतो आणि खालचा आपला चालत राहतो. दोन्ही वेगळे ठेवून मग एकत्र करायचे, ही ती युक्ती. माझ्या मते बेसच्या इफेक्टचा सगळा इतिहास म्हणजे ही युक्ती स्टुडिओतून उचलून एका माणसाच्या पायाखाली आणण्याची धडपड आहे.

मधल्या काळात ज्यांना परवडलं त्यांनी यंत्रं वाढवली. 'द हू'चा जॉन एन्टविसल बेसचा खालचा आणि वरचा आवाज वेगवेगळ्या अँप्लिफायरमध्ये पाठवायचा. ज्यांना परवडलं नाही, त्यांनी तोटा पत्करून वाजवलं. मेटॅलिकाच्या पहिल्या अल्बममध्ये, 1983 साली, क्लिफ बर्टनने बेसचा एकट्याचा जो तुकडा वाजवला आहे, तो वाह आणि डिस्टॉर्शनने पार पेटलेला आहे. तिथे दुसरं तारवाद्यच नाही, म्हणून ते खपून जातं. दोन गिटारांच्या मध्ये तोच आवाज लावला असता तर बेस ऐकूच आला नसता.

एका इफेक्टने मात्र बेसवर कधी अन्याय केला नाही. 1972 मध्ये म्यूझिट्रॉनिक्स कंपनीने काढलेल्या 'म्यू-ट्रॉन थ्री'चा फिल्टर तुम्ही तार किती जोरात छेडता ते पाहून उघडतो आणि मिटतो. 'व्वॉव' असा, माणसाने तोंड उघडल्यासारखा आवाज. बूट्सी कॉलिन्सने त्यावर आख्खा फंक उभा केला. त्या यंत्राला स्वर कोणता आहे हे कळायची गरजच नसते, जोर कळला की पुरे. याउलट खालचं सप्तक जोडणारं पेडल, उदाहरणार्थ बॉसचं 1982 मधलं ओसी-2. त्याला स्वर ओळखावा लागतो, आणि बेसच्या सर्वांत खालच्या स्वरांवर ते अडखळतं, घशात घास अडकल्यासारखं. सेकंदाला 41 कंपनं म्हणजे एका कंपनाला जवळपास 24 मिलिसेकंद लागतात. एक कंपन पुरतं पाहिल्याशिवाय स्वर कोणता ते यंत्राला सांगता येणं कठीण. गिटारला याच्या निम्मा वेळ पुरतो. पुढे डिजिटल चिपा कितीही वेगवान झाल्या तरी तार काही भरभर हलणार नव्हती. म्हणून आजच्या पेटीत 'बेस सिंथ' असं लिहिलेलं दिसलं की मी आधी सर्वांत जाड तारेवर एक द्रुत तान वाजवून बघतो.

दुसरी वाट डेट्रॉइटची. मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सनचा बेस अँप्लिफायर आणि माइक वगळून सरळ कन्सोलमध्ये घेतला जायचा. आवाज स्वच्छ, जवळचा. हीच पद्धत पुढे स्टेजवर आली आणि 'डीआय बॉक्स' हा बेसवाल्याचा कायमचा सोबती झाला. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात काम केलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल: गिटारवाल्यासाठी अँप येतो, ड्रमला सहा माइक लागतात आणि बेसवाल्याला साउंडवाला एक वायर हातात देऊन म्हणतो, "दादा, डायरेक्ट टाका." अँप नाही म्हणजे स्वतःचा आवाज नाही. मिक्सरवर जे उरेल ते आपलं. कार्यक्रम संपल्यावर लोक गायकाला भेटतात, तबलजीला भेटतात. बेस होता की नाही हे त्यांना आठवत नाही, कारण तो तसाही नीट ऐकू आलेला नसतो.

या परिस्थितीवर पहिला नेमका उपाय न्यूयॉर्कहून आला. बी. अँड्र्यू बार्टा यांच्या टेक 21 कंपनीने 1989 मध्ये सॅन्सअँप काढला. नावातच सगळं आहे: अँपविना. अँप्लिफायरचा आवाज अ‍ॅनलॉग सर्किटने नकलायचा आणि सरळ मिक्सरला द्यायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची बेसची आवृत्ती आली, 'बेस ड्रायव्हर डीआय'. तिच्यावर एक साधं बटण होतं, ब्लेंड. एका टोकाला तुमचा मूळ बेस, दुसऱ्या टोकाला बदललेला, मध्ये हवं ते मिश्रण. 1994 मध्ये बॉसच्या ओडीबी-3 वर असंच 'बॅलन्स' बटण आलं. मॅकार्टनीला दोनदा वाजवून जे मिळालं, ते आता बोटाने फिरवता येत होतं. या एका बटणाला मी बेसच्या पेडलांमधला सर्वांत मोठा शोध मानतो. पुढे हेलसिंकीच्या डार्कग्लाससारख्या कंपन्यांनी आख्खा धंदा त्याच्याभोवती उभा केला.

त्याच सुमारास तिकडे जपानमध्ये 'अनेक इफेक्ट, एकच पेटी' हे घडत होतं. आधी हे काम कपाटाएवढ्या रॅकचं होतं. बॉसने 1988 मध्ये एमई-5 काढून ते जमिनीवर आणलं. टोकियोच्या झूमने 1990 मध्ये 9002 काढला, तो तर गिटारच्या पट्ट्याला अडकवता येत असे. मग नव्वदच्या दशकातच झूमचं 505 आणि त्याचं बेससाठीचं भावंड 506 आलं: प्लॅस्टिकची हलकी पेटी, दोन बटणं, छोटासा लाल आकडा. खानदानी पेडलवाले त्याला नाकं मुरडत. आवाज कृत्रिम होता, हे मान्य. पण कॉम्प्रेसर, कोरस, डिस्टॉर्शन आणि ट्यूनर एका पेडलच्या पैशात मिळणं, याचा अर्थ महिन्याला चार कार्यक्रम करणाऱ्या माणसाला विचारा.

मीही अशाच एका जुन्या, तिसऱ्या हाताच्या पेटीवर सुरुवात केली. कंपनीचं नाव राहू दे. एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना ती क्षणभर मुकी व्हायची. ड्रमरला ते कळायचं, तो त्या जागी नेमका एक ठोका जास्त मारायचा. तरीही पाठीवर बेस, डिकीत पेटी, आणि अ‍ॅक्टिव्हावरून आळंदी ते हडपसर कुठेही जाता यायचं. छोट्या पेटीची थोरवी मला त्या डिकीने शिकवली. चाळीस किलोचा अँप लागणारं वाद्य आमच्यासारख्यांना परवडलंच नसतं.

आज बाजारात जे आहे ते या दोन्ही वाटांचा संगम आहे. झूमचं एमएस-60बी हे 2013 चं, एका साध्या पेडलएवढं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. नंतरचं त्यांचं बी1 फोर. बॉसचं 2017 मधलं जीटी-1बी. लाइन 6 चं 2018 मधलं एचएक्स स्टॉम्प, जे आकाराने लहान आणि किमतीने अजिबात लहान नाही. प्रत्येकात डझनावारी इफेक्ट आहेत, आणि जाहिरातीत तेच आकडे पुढे केलेले असतात. मी ते वाचतच नाही. डिस्टॉर्शनच्या पानावर मूळ आवाज मिसळायची सोय आहे का, ते आधी पाहतो. झूमच्या बेसवाल्या पेट्यांमध्ये ती 'बॅल' नावाने असते. एचएक्स स्टॉम्पमध्ये सिग्नलला दोन फाटे फोडून एकीकडे साधा बेस ठेवता येतो. ही सोय नसेल तर बाकीचे शंभर इफेक्ट माझ्या उपयोगाचे नाहीत.

दुसरा प्रश्न स्पीकरच्या नकलेचा. सरळ मिक्सरला जायचं असेल तर ती चालू हवी, खऱ्या बेस अँपमध्ये जायचं असेल तर बंद. नाहीतर एका स्पीकरचा आवाज दुसऱ्या स्पीकरमधून ऐकत बसाल. लहान पेट्यांना बहुतेक वेळा एक्सएलआर जोडणी नसते, म्हणजे डीआय बॉक्स अजूनही बरोबर न्यावा लागतो. आणि वीज. जुनं अ‍ॅनलॉग पेडल काही मिलिअँपिअरवर भागवतं. बी1 फोरसोबतचा अडॅप्टर 500 मिलिअँपिअरचा आहे आणि एचएक्स स्टॉम्पचा 3 अँपिअरचा. सगळ्या पेडलांना एकच स्वस्त अडॅप्टर जोडणाऱ्यांची पेटी नेमकी आरतीच्या वेळी का बंद पडते, त्याचं उत्तर इथे आहे. मांडवात अर्थिंगचा भरवसा नसतो, दिव्यांच्या माळा आणि साउंड एकाच जनरेटरवर असतात. अशा वेळी सेलवर चालणारी पेटी घरघर बरीच कमी करते. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण दुकानात घरघर नसते.

माझ्या पेटीत आता तीनच गोष्टी चालू असतात. सुरुवातीला कॉम्प्रेसर, हलकासा. मग त्या जुन्या अँपविना-पेटीची नक्कल, निम्मी मिसळलेली. लावण्यांच्या मेडलीसाठी बूट्सीचा तो फिल्टर, पण एकाच कडव्यापुरता. पेटीमास्तर वर पाहून हसतात. बाकीची पानं मी उघडलेली नाहीत. गेल्या भाद्रपदात साउंडवाल्याने वायर देताना विचारलं, "दादा, आज बेस कुठून येतोय, अँप आणलाय का?" मी पायाकडे बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं आणि मिक्सरवर जाऊन माझा चॅनल दोन रेघा वर केला.