कुलूपबंद खोल्या आणि परदेशातलं एमबीबीएस

तपासणी संपली, की काही पालक हळूच एक माहितीपत्रक पुढे करतात. "डॉक्टर, परदेशातलं हे कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना?" हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, म्हणून आधी एक जुनी गोष्ट सांगतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फी भरणाऱ्या जवळपास कुणालाही प्रवेश देणारी वैद्यकीय कॉलेजं होती. १९०९-१० मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या वतीने अब्राहम फ्लेक्सनर अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ कॉलेजांत स्वतः जाऊन आले. ते डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. आयोवातल्या डे मॉइन शहरात एका कॉलेजच्या दारांवर शरीररचनाशास्त्र, विकृतिशास्त्र अशा पाट्या होत्या. पण दारांना कुलपं. निघून गेल्यासारखं करून फ्लेक्सनर परत आले आणि शिपायाला पाच डॉलर देऊन त्यांनी खोल्या उघडायला लावल्या. आत फक्त टेबल, खुर्च्या आणि फळा!

त्यांनी प्रत्येक ठिकाणी पाच गोष्टी पाहिल्या: प्रवेशाची पात्रता, शिक्षक, पैशाची व्यवस्था, प्रयोगशाळा आणि रुग्णालय. १९१० च्या त्यांच्या अहवालानंतर अनेक कॉलेजं बंद पडली किंवा दुसऱ्यांत विलीन झाली. त्याची झळही बसली. कृष्णवर्णीयांच्या सात कॉलेजांपैकी पाच टिकली नाहीत. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये जिथून डॉक्टर झाल्या, ते पेनसिल्व्हेनियाचं महिला कॉलेज मात्र टिकलं.

मान्यतेचा फटका आपल्यालाही बसला आहे. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यानंतर १९३३ चा कायदा झाला आणि आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली.

आज परदेशी कॉलेजांची 'मंजूर यादी' आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग देत नाही. त्यामुळे "यादीत नाव आहे" या एजंटच्या वाक्यावर थांबू नका. जागतिक निर्देशिकेत नाव असणं म्हणजे भारताची मान्यता नव्हे. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. आणि त्या देशात तिथल्या नागरिकांसारखीच डॉक्टर म्हणून नोंदणी मिळायला हवी. नीट उत्तीर्ण असणं आणि परतल्यावरची पात्रता परीक्षा आहेच. नियम बदलतात, म्हणून प्रवेशाआधी आयोगाच्या संकेतस्थळावर ते स्वतः वाचा.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात, किती खाटांवर शिकतात? रुग्णांशी बोलायला तिथली भाषा कोण शिकवतं? शक्य असेल तर तिथे शिकणाऱ्या मुलाशी, एजंट समोर नसताना, बोला.

दारावरची पाटी वाचून फी भरू नका. आधी कुलूप उघडायला लावा.