ज्यूरीच्या जागी कोर्ट



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दोन महिने रिलीजच्या गडबडीत गेले, वीकेंडसुद्धा हापिसानेच खाल्ले. पण हा विषय डोक्यातून जात नव्हता, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. थोडा इतिहास आहे, थोडा कायदा आहे. (मी वकील नाही, साधा इंजिनियर आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.)

तर झालं असं. अमेरिकेत ट्रक अपघाताच्या खटल्यांत वकील लोक एक गंमतशीर प्रकार करतात, तो माझ्या वाचनात आला. खरा खटला उभा राहण्याआधी ते दहा-बारा अनोळखी माणसं एका दिवसासाठी पैसे देऊन बोलावतात, त्यांच्यासमोर दोन्ही बाजू मांडतात आणि मग ती माणसं आपापसांत काय बोलतात ते बाजूला बसून ऐकतात. ह्याला म्हणायचं मॉक ज्यूरी. थोडक्यात, प्रॉडक्शनला जायच्या आधीचं टेस्टिंग :-) पण ड्रायव्हर चुकला की नाही एवढ्यासाठी हा खटाटोप नसतो. खरा प्रश्न असतो तो कंपनीचा. तिने त्याला नीट शिकवलं होतं का, किती तास जागा ठेवलं होतं, तो कुठे आणि कशा हवेत गाडी चालवतोय ह्यावर कुणाचं लक्ष होतं का.

म्हटलं, हे आपल्याकडे करून बघू. गेल्या शनिवारी गंगापूर रोडला मित्राच्या गच्चीवर मला धरून नऊ जण जमवले. नऊच का, तर १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईत नऊ जणांची ज्यूरी होती. त्यांनी आठ विरुद्ध एक असं 'निर्दोष' ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे नानावटींना जन्मठेप झाली. त्यानंतर आपल्याकडची ज्यूरी आचके देतच होती, १९७३ च्या फौजदारी संहितेने ती संपवली. असो.

मी त्यांना एक काल्पनिक केस दिली. पिंपळगावहून टोमॅटो भरून एक ट्रक रात्री वाशीच्या मार्केटला निघालाय. माल पासिंगपेक्षा जास्त. ड्रायव्हर आदल्या दिवशी सकाळी धुळ्याची फेरी मारून आलाय, म्हणजे झोप नाही. मालकाला हे माहीत आहे. कसारा घाटात गाडी उलटते, शेजारी बसलेला १९ वर्षांचा क्लीनर जागीच जातो. ड्रायव्हर वाचतो. दोष कुणाचा?

ड्रायव्हर दोषी, नऊ विरुद्ध शून्य. दोन मिनिटांत निकाल. मालक दोषी? हात वर झाले तीन.

सहा जणांचं म्हणणं साधारण एकच होतं. "अरे, त्याला झोप येत होती तर त्याने नाही म्हणायचं ना! जबरदस्ती थोडीच होती?" एक जण म्हणाला, "आणि असं मालकाला धरायला लागलो तर मग थांबायचं कुठे? उद्या टायरवाल्याला धरा, परवा रस्तावाल्याला धरा."

हे ऐकून मला हसू आलं, कारण अगदी हेच एका इंग्रज न्यायाधीशाने १८३७ साली म्हटलं होतं.

ती गोष्ट अशी. इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये फाउलर नावाचा एक खाटीक होता. १८३५ साली त्याच्याकडच्या प्रिस्टली नावाच्या पोऱ्याला मटणाने खच्चून भरलेल्या घोडागाडीबरोबर पाठवलं. गाडी मोडली, पोराची मांडी मोडली. त्याने मालकावर दावा लावला. लिंकनला ज्यूरीसमोर केस चालली आणि ज्यूरीने त्याला १०० पौंड देवविले. गावातली साधी माणसं, त्यांना वाटलं की गाडी किती भरायची हे खाटकाने ठरवलं, तर भरपाईही त्यानेच द्यावी. मग प्रकरण वरच्या कोर्टात लॉर्ड अ‍ॅबिंजरपुढे गेलं आणि त्यांनी निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं, असं मान्य केलं तर शेवट कुठे? मोलकरणीने नोकराला दमट बिछान्यात झोपवलं तरी मालक जबाबदार होईल! शिवाय नोकराला काम धोक्याचं वाटलं तर त्याने नकार द्यावा, तो मोकळा आहे. पुढे ह्या निकालातून असा नियमच पडला की बरोबरच्या कामगाराच्या चुकीने कामगाराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. आपल्याकडे मालकाची ही पळवाट बुजवायला १९३८ चा कायदा यावा लागला. म्हणजे माझ्या गोष्टीतला क्लीनर १९३० साली असता तर त्याच्या घरच्यांचं तोंड ह्याच युक्तिवादाने बंद करता आलं असतं. (१९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातून थोडेफार मिळाले असते, ते वेगळं.)

ज्यूरीला मालकाबद्दल काय वाटतं ह्याचा त्याहून भारी नमुना म्हणजे 'डिओडँड'. इंग्लंडमध्ये जुना कायदा होता की जी वस्तू माणसाच्या मरणाला कारण झाली ती सरकारजमा. बैल असो, गाडी असो. प्रत्यक्षात वस्तू न घेता तिची किंमत घ्यायचे, आणि ती ठरवायची मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्यूरीने. शेकडो वर्षं ही किरकोळ बाब होती. मग आली रेल्वे. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे सॉनिंग इथे पावसाने दरड रुळांवर आली आणि ग्रेट वेस्टर्नची मालगाडी तिच्यावर आदळली. ह्या मालगाडीत नाताळसाठी घरी निघालेले कामगार होते. त्यांना बसवलं होतं उघड्या, बुटक्या वाघिणींत, इंजिन आणि मालाचे डबे ह्यांच्या मधोमध. मागचा सगळा भार त्यांच्यावर आला. आठ जण तिथेच गेले. ज्यूरीने गाडीवर डिओडँड लावला १००० पौंड! दरड काही कंपनीने पाडली नव्हती. पण माणसांना कुठे बसवायचं हे कंपनीनेच ठरवलं होतं ना.

साहजिकच रेल्वे कंपन्या हादरल्या. १८४६ साली पार्लमेंटने डिओडँड रद्द केला आणि त्याच वर्षी दुसरा कायदा केला की अपघातात माणूस गेला तर त्याच्या बायकामुलांना, आईबापांना दावा लावता येईल. (त्याआधी गंमत अशी होती की माणूस जखमी झाला तर दावा लागायचा, मेला तर नाही. १८०८ चा एका उलटलेल्या घोडागाडीचा निकाल होता तसा.) आता चूक सिद्ध करायची, मग ज्यूरी भरपाई ठरवणार.

१८५३ ला आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८५५ मध्ये हाच कायदा हिंदुस्थानात आला, १८५५ चा कायदा क्रमांक १३. दोन्ही मसुदे शेजारी शेजारी ठेवून वाचा, आमच्या भाषेत डिफ मारा. वाक्यंच्या वाक्यं तशीच आहेत, पण इंग्रजी कायद्यात जिथे भरपाई 'ज्यूरी'ने ठरवायची आहे, तिथे आपल्या कायद्यात शब्द आहे 'कोर्ट'. फाइंड अँड रिप्लेस! नेटिवांच्या हातात साहेबाच्या रेल्वेची चूक मोजायचं काम कोण देणार? फौजदारी खटल्यांतही सरकारला अडचण वाटली की ज्यूरी बाजूला व्हायची. आपल्या नाशिकचंच उदाहरण, २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात जॅक्सनचा वध झाला, तो खटला ज्यूरीपुढे चाललाच नाही, तीन न्यायाधीशांचं खास न्यायासन बसलं.

पण स्वातंत्र्यानंतर आपण काय केलं? आपण 'चूक कुणाची' हा प्रश्नच हळूहळू मागे टाकला, आणि कारणं चांगली होती. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणं आली. १९८२ मध्ये नियम आला की मृत्यू झाला तर चूक सिद्ध न करताही १५,००० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीने ते ५ लाख झाले. त्याहून जास्त हवं असेल तर ड्रायव्हरची चूक दाखवायची. ती दिसली की मालक आपोआप जबाबदार, आणि पैसे भरते विमा कंपनी. रक्कम कशी काढायची तेही ठरलेलं. २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता आहे, वय २६ ते ३० असेल तर वार्षिक उत्पन्नाला १७ ने गुणा. मी आणि माझे बहुतेक वाचक ह्याच ओळीत बसतो. एक्सेल शीटच आहे. विधवा बाईला दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, ह्याबद्दल माझं दुमत नाही.

फक्त ह्या सगळ्यात मालकाला कुणी काही विचारतच नाही. दिवाणी बाजूला गरज नाही, कारण तो आधीच जबाबदार धरलाय आणि पैसे विमावाला देतोय. फौजदारी बाजूला गुन्हा बहुतेक वेळा ड्रायव्हरवर. १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायदा २०२५ पर्यंत सांगत होता की दिवसाला आठ तास काम, लांबच्या पल्ल्याला फार तर दहा, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. मी हे गच्चीवर सांगितलं तेव्हा नऊपैकी एकालाही माहीत नव्हतं.

८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे औरंगाबाद रोडला मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईला जाणारी खाजगी बस आणि ट्रक धडकले, बस पेटली, १२ माणसं गेली. आपल्यातले बरेच जण त्या चौकातून रोज जातात. मुख्यमंत्री आले, मृतांच्या वारसांना ५ लाख जाहीर झाले. आम्ही महिनाभर बोलत होतो ते चौकाबद्दल, सिग्नलबद्दल आणि दोन ड्रायव्हरांबद्दल. दोन्ही गाड्यांच्या मालकांनी काय ठरवलं होतं, ह्यावर आमच्या ग्रुपवर एक ओळ पडल्याचं मला आठवत नाही. आणि जानेवारी २०२४ मध्ये, 'पळून गेला तर दहा वर्षं' ह्या नव्या कलमाविरुद्ध मनमाडजवळ पानेवाडीला टँकरवाल्यांनी स्टेअरिंग सोडलं, तेव्हा आम्ही पेट्रोलच्या रांगेत उभे राहून त्यांनाच शिव्या घातल्या. (ते कलम सरकारने १ जुलै २०२४ ला बाकी संहितेबरोबर लागू केलं नाही.)

तर गच्चीवर परत. आमच्यातल्या एकाच्या घरी तीन ट्रक आहेत. तो इतका वेळ गप्प होता, आणि पहिल्या फेरीत 'मालक दोषी नाही' म्हणणाऱ्यांत होता. आता म्हणाला, "वडील रात्री झोपत नाहीत गाडी वाशीला पोचेपर्यंत. पहाटेच्या आत नाही पोचली तर व्यापारी भाव पाडतो. ट्रक आमचा, ड्रायव्हर आमचा, पण घाई आमची नसते." मग थांबून म्हणाला, "पण फोन आम्हीच करतो. कुठे पोचलास, कुठे पोचलास. तो झोपला असता तर आम्हीच उठवलं असतं."

पुन्हा हात वर केले. मालक दोषी, सहा. नाही, तीन. तो सहामध्ये होता. मीही.

मला वाटतं ज्यूरीचा उपयोग हा असावा. ती बरोबरच असते असं नाही. टेक्सासमध्ये २०१४ च्या अखेरीला बर्फाच्या रस्त्यावर एक पिकअप घसरून दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर गेली, सात वर्षांचा मुलगा गेला. २०१८ मध्ये ज्यूरीने वर्नर ह्या ट्रक कंपनीला ७० टक्के दोष दिला, ड्रायव्हरला १४ आणि पिकअपवाल्याला १६, आणि रक्कम सुमारे ९ कोटी डॉलर. जून २०२५ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने ते सगळं फिरवलं. म्हणे अपघाताचं खरं कारण पिकअप घसरणं हेच. लॉर्ड अ‍ॅबिंजर खूश झाले असते. इथे मला कोर्टाचं बरंचसं पटतं, पिकअप आडवी आली त्यात ट्रकवाल्याने काय करायचं? पण त्या कंपनीला शपथेवर सांगावं लागलं की नवशिक्या ड्रायव्हरला बर्फात कुणी आणि का पाठवलं. तेवढं तरी कागदावर आलं.

आता जे गच्चीवर सांगितलं नाही ते. आमची टीम गाड्या ट्रॅक करायचं सॉफ्टवेअर बनवते. त्यात एक रकाना आहे, ड्रायव्हर सलग किती तास गाडीवर आहे त्याचा. दहाच्या वर गेला की लाल होतो. मागच्या वर्षी एका क्लायंटने सांगितलं की रिपोर्टमध्ये हा रकाना नको, लाल दिसला की उगाच प्रश्न येतात. ते टिकेट माझ्याकडे आलं होतं. एका ओळीचा बदल, अर्ध्या तासात करून दिला. डेटा मागे साठत राहतो, ९० दिवसांनी आपोआप पुसला जातो. भरपाईचा दावा दाखल करायला २०१९ च्या दुरुस्तीने मुदत दिली आहे सहा महिने.

रविवारी रात्री लॅपटॉप उघडून ते टिकेट शोधलं. 'क्लोज्ड' आहे, खाली माझंच नाव. ९० चा आकडा कॉन्फिग फाइलमध्ये आहे, तो बदलायला मला मॅनेजरची परवानगी लागते. मेल लिहून ठेवलाय ड्राफ्टमध्ये.