ऊर्जा दरमर्यादा (ब्रिटन)
इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील घरगुती वीज-गॅस ग्राहकांसाठी ‘ऑफजेम’ ही नियामक संस्था ठरवीत असलेली कमाल दराची मर्यादा. 2018च्या कायद्यान्वये ती जानेवारी 2019पासून लागू झाली. ऑक्टोबर 2022पासून दर तीन महिन्यांनी बदलते. नावामुळे गैरसमज फार होतो. मर्यादा प्रतियुनिट दरावर व दैनिक स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नव्हे. बातम्यांत झळकणारा वार्षिक आकडा सर्वसाधारण वापराच्या कुटुंबाचा असतो. घर बंद ठेवून महिनाभर भारतात गेले, तरी स्थिर आकार चुकत नाही. मुदतबंद निश्चित दराच्या करारांना ही मर्यादा लागू नाही. पुरवठादाराच्या चुकीने राहून गेलेली, बारा महिन्यांहून जुन्या वापराची आकारणी मात्र त्याला करता येत नाही. तक्रार आठ आठवड्यांत न मिटल्यास ‘एनर्जी ऑम्बड्समन’कडे विनामूल्य दाद मागता येते.