शिंपल्यातील रुपे आणि अनामिक कारागीर

वाळूत पडलेला शिंपला दुरून चमकतो आणि पाहणाऱ्याला ती चांदी वाटते. जवळ जावे तो हाती शिंपलाच येतो. ‘शुक्तिरजत’ हा वेदान्तातील दृष्टांत कीर्तनकारांच्या मुखातून आपल्याकडे घरोघरी पोहोचला आहे. मात्र ज्या शिंपल्याला शास्त्रकारांनी भ्रमाचे उदाहरण मानले, त्याच शिंपल्याला गुजरातच्या कारागिरांनी चांदीच्या बरोबरीचे मोल मिळवून दिले. तो इतिहास मनोरंजक आहे, तसाच विचार करायला लावणाराही आहे.

शिंपला म्हणजे मूळचा चुनाच होय. कोकणात शिंपले भाजून चुना करीत व त्याने भिंती उभारीत. परंतु मोत्याच्या शिंपल्याच्या आतल्या बाजूस याच द्रव्याचे अत्यंत पातळ थर एकावर एक बसलेले असतात. एकेक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो, तेव्हा गुलाबी, हिरवी, निळी अशी झाक दिसते. हा रंग बाहेरून लावलेला नसल्यामुळे तो पुसला जात नाही.

सोळाव्या व सतराव्या शतकांत गुजरातेत या कामाची मोठी भरभराट झाली. शिंपल्याचे वरचे खडबडीत कवच घासून काढावयाचे, आतील थराचे बारीक करवतीने तुकडे कापावयाचे आणि कानशीने त्यांना आकार द्यावयाचा, अशी ही रीत होती. काही वस्तूंत हे तुकडे माशाच्या खवल्यांप्रमाणे रचून पितळेच्या बारीक चुकांनी बसवीत. काही ठिकाणी ते लाकडावर काळ्या लुकणात जडवून वेलबुट्टी उठवीत. शिंपला ठिसूळ असल्याने हात जरा चुकला की तुकडा वाया जाई.

अबुल फजलने ‘आईन-ई-अकबरी’त गुजरातचे वर्णन करताना शिंपल्याच्या जडावाच्या पेट्या व दौती यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. फत्तेपूर सिक्री येथे शेख सलीम चिश्ती यांची संगमरवरी समाधी आहे. तेथील थडग्यावरची लाकडी छत्री शिंपल्याच्या तुकड्यांनी मढविलेली आहे. अहमदाबादेतील शाह आलम यांच्या समाधीतही असे काम आढळते. धर्मस्थानाच्या गाभ्यात सोन्याऐवजी शिंपल्याला स्थान मिळावे, ही या कलेची मोठीच पावती होय.

पोर्तुगीजांच्या गलबतांतून या वस्तू युरोपात गेल्या. तेथील राजेरजवाड्यांनी त्यांना सोन्याचांदीची कोंदणे करविली. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील राजसंग्रहात गुजराती शिंपलाकामाची भांडी आजही जपून ठेवलेली आहेत. इ. स. १६०० च्या सुमारास त्यांतील काहींना चांदीचे कोंदण लाइपझिगचा सोनार एलियास गायर याने केले. त्याचे नाव इतिहासात नोंदले गेले. परंतु मूळ भांडे ज्याने तुकडा तुकडा जोडून घडविले, त्या गुजराती कारागिराचे नाव, गाव वा जात-जमात, काहीच ठाऊक नाही. कोंदण करणारा राहिला आणि घडविणारा विस्मृतीत गेला!

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या प्रसंगी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्यांनी द्रव्य दिले त्यांची नावे संगमरवरी पाटीवर व स्मरणिकेत येतात, ते योग्यच आहे. परंतु खांब घडविणारा पाथरवट, गाभाऱ्याची चौकट करणारा सुतार, कळसापर्यंत चुना-सिमेंट चढविणारा गवंडी आणि पाट्या वाहणाऱ्या बायाबापड्या यांच्या श्रमावाचून एकाही देणगीचे देऊळ होत नाही. त्यांचे नाव, गाव आणि प्रत्येकाने केलेले काम एवढी नोंद देवस्थानच्या दप्तरात अवश्य व्हावी. तिला खर्च येत नाही. चारशे वर्षांपूर्वी अहमदाबादेत वा खंबायतेत कोणी अशी एक ओळ लिहून ठेवली असती, तर ड्रेस्डेनच्या त्या भांड्याशेजारी आज दोन नावे वाचावयास मिळाली असती.