'सेल्फ'ची पूर्वपीठिका : अवधारण, आत्मवाचन आणि निवेदनाचा दृष्टिकोण

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत 'मायसेल्फ', 'हिमसेल्फ', 'हरसेल्फ' ह्या रूपांचे दोन उपयोग सांगितलेले असतात. कर्त्याची क्रिया कर्त्यावरच उलटते तेव्हा ती आत्मवाचक. नामावर नुसता जोर देण्यासाठी येतात तेव्हा अवधारणार्थक. दुसरा उपयोग बहुधा दोनचार ओळींत आटोपला जातो. शब्द गाळला तरी वाक्य शाबूत राहते, एवढीच त्याची ओळख. आत्मवाचन हे मूळ कार्य आणि अवधारण ही त्याची शोभा, असा क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. ऐतिहासिक दृष्ट्या हा क्रम नेमका उलटा आहे. तो उलटा आहे हे ध्यानात घेतले म्हणजे इंग्रजी कादंबरीतील निवेदनाविषयीच्या एका वादाकडे, तसेच समीक्षेत आपण सढळपणे वापरतो त्या 'सेल्फ' ह्या संज्ञेकडे, काहीशा वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

प्राचीन इंग्रजीत स्वतंत्र आत्मवाचक सर्वनाम नव्हते. 'हिने' हे तृतीयपुरुषी द्वितीयेचे रूप 'त्याला' आणि 'स्वतःला' अशा दोन्ही अर्थी चाले. कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भाने ठरे. 'सेल्फ' अथवा 'सिल्फ' हा शब्द होता, पण तो विशेषणासारखा होता आणि ज्या नामाला वा सर्वनामाला लागे त्याच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे विकार पावे. 'से क्युनिंग सिल्फ' म्हणजे 'खुद्द राजा'. हाच शब्द कर्मस्थानीच्या सर्वनामाला लागून 'हिने सिल्फ्ने' असे रूप होई. त्याचा अर्थ 'त्यालाच, दुसऱ्या कोणाला नव्हे'. मारणे, दोष देणे, फसविणे ह्या क्रिया सामान्यतः दुसऱ्यावर होतात. त्या कर्त्यावर उलटल्या तर ऐकणाऱ्याच्या अपेक्षेला छेद जातो आणि म्हणून अवधारणाची गरज भासते. आत्मवाचन जन्मले ते ह्या गरजेतून. ज्या क्रिया स्वभावतःच स्वतःपुरत्या असतात, त्यांना आजही सेल्फची गरज लागत नाही : 'ही शेव्ह्ड' एवढे म्हटले की पुरते. एडवर्ड कीनन ह्यांनी २००२ च्या आपल्या प्रदीर्घ निबंधात ह्या संक्रमणाचा शतकानुशतकांचा पुरावा मांडला आहे. त्यावरून दिसते ते असे की, सर्वनाम आणि सेल्फ ह्यांचा जोड दीर्घकाळ विरोधदर्शकच राहिला आणि मध्ययुग सरता सरता तो एकाच उपवाक्यातील कर्ता-कर्म संबंधात रूढ झाला. जुनी पद्धत तरीही एकदम पुसली गेली नाही. शेक्सपिअरच्या काळातील नाटकांत 'गेट दी' ह्या धर्तीचे प्रयोग विपुल आहेत.

'हिमसेल्फ'मधील 'हिम' कर्त्याजवळ कसा आला, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. 'राजा हिमसेल्फ आला' ह्या वाक्यात प्रथमेच्या नामाशेजारी चतुर्थीचे सर्वनाम का असावे? प्राचीन इंग्रजीत कर्त्याचा क्रियेशी असलेला लगाव दाखविणारी, अर्थाला फारशी भर न घालणारी चतुर्थी कर्त्यालगत येई. हे 'हिम' आणि कर्त्याशी जुळणारे 'सेल्फ' शेजारी शेजारी राहून सांधले गेले. पुढे 'मी सेल्फ' ह्या जुन्या रूपाचे 'माय सेल्फ' झाले. बोलताना 'मी'चा स्वर क्षीण होई हे एक कारण. 'हर सेल्फ' ह्या रूपातील 'हर' चतुर्थी की षष्ठी हे सांगता येत नसे, हे दुसरे. षष्ठी मानली की सेल्फ आपोआप नाम ठरतो : 'माझा सेल्फ', 'तिचा सेल्फ'. नाम ठरल्यावर त्याचे अनेकवचनही आले आणि सोळाव्या शतकात 'अवरसेल्व्ज' रूढ झाले. प्रमाण भाषेने 'हिमसेल्फ' आणि 'देमसेल्व्ज' तसेच ठेवले. बोलीभाषांनी 'हिजसेल्फ', 'देअरसेल्व्ज' करून नियम पुरा केला. तर्काच्या बाजूने पाहिले तर बोली अधिक शुद्ध आहेत, हे शुद्धतावाद्यांना सहसा रुचत नाही.

विशेषणाचे नाम होणे ही घटना दिसते तितकी क्षुल्लक नाही. १६२३ च्या फोलिओत 'माय सेल्फ' हे पुष्कळदा दोन सुटे शब्द म्हणून छापलेले आहे. आधुनिक संपादक ते जोडून एक करतात, आणि 'मी' व 'माझा सेल्फ' ह्यांमध्ये जी फट तत्कालीन वाचकाला दिसू शकत होती ती बुजून जाते. जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनावरील प्रबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीच्या तादात्म्यावर नवे प्रकरण घातले. 'सेल्फ' हा सर्वनामाचा अंश आणि 'सेल्फ' हे स्वतंत्र नाम ह्यांमधली ये-जा त्या प्रकरणात सतत चालू असते. १७०० मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद करणाऱ्या पिएर कॉस्तला ह्या शब्दाने बरेच अडविले. फ्रेंच सर्वनामालाच उपपद लावून त्याला वाट काढावी लागली. सेल्फ ही तत्त्वज्ञानातील संज्ञा केवळ व्याकरणाच्या अपघातातून निघाली, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर कॉस्तनंतर फ्रेंचांनी त्याच प्रश्नांवर केलेल्या चिंतनाचा उलगडा होत नाही. मात्र त्या संज्ञेला सहज उच्चारता येण्याजोगे नाम हाती तयार मिळाले, ते ह्या अपघातामुळे. संस्कृतचा प्रवास उलट दिशेचा आहे. ऋग्वेदात 'तनू' हा देहवाचक शब्द आत्मवाचक सर्वनामासारखा येतो, पुढे ते काम 'आत्मन्' करू लागतो, आणि अवधारणासाठी 'स्वयम्' निराळा राहतो. तिथे नामाचे सर्वनाम झाले. इंग्रजीत अवधारणाच्या विशेषणाचे नाम झाले.

आता निवेदनाकडे वळू. जॉन रॉस ह्यांनी १९७० मध्ये असे दाखविले की, वाक्यात 'मी' कुठेही नसताना 'लाइक मायसेल्फ' म्हणता येते. त्यावरून प्रत्येक विधानामागे एक अनुच्चारित 'मी सांगतो' असते, असे अनुमान त्यांनी काढले. हे अनुमान टिकले नाही, पण निरीक्षण टिकले. १९८१ च्या चॉम्स्कीच्या बंधन-सिद्धांताप्रमाणे 'हिमसेल्फ'चे पूर्वपद त्याच्या निकटच्या परिसरातच हवे. कादंबरीतील गद्य हा नियम खुशाल मोडते. एक साधे वाक्य रचून पाहू : 'ही न्यू दॅट द लेटर वॉज मेन्ट फॉर नो वन बट हिमसेल्फ'. पूर्वपद बाहेरच्या उपवाक्यात आहे. पुष्कळदा ते मागच्या वाक्यात असते, तर कधी परिच्छेदाच्या आरंभी.

आन झ्रिबी-हेर्त्झ ह्यांनी १९८९ मध्ये ह्याचे उत्तर दृष्टिकोणात शोधले : ज्या पात्राच्या जाणिवेतून प्रसंग दिसतो ते पात्र असे दूरस्थ 'सेल्फ' बांधू शकते. मुक्त परोक्ष निवेदनाच्या अभ्यासकांना हे फार सोयीचे वाटले. अॅन बॅनफील्ड ह्यांच्या १९८२ च्या ग्रंथामुळे त्या निवेदनाची व्याकरणिक चिन्हे शोधण्याला बळ मिळालेच होते. त्यांत आणखी एका चिन्हाची भर पडली. सी. एल. बेकर ह्यांनी १९९५ मध्ये ह्याला हरकत घेतली. त्यांचे साहित्य मुख्यतः ब्रिटिश गद्यातले, विशेषतः जेन ऑस्टिनचे आहे. त्यांच्या मते ही रूपे आत्मवाचक नाहीतच. 'हिम' आणि अवधारणाचा 'हिमसेल्फ' एकत्र यायला हवेत, तिथे पहिले सर्वनाम गळते आणि दुसरे उरते. अट दोनच : इतरांशी विरोध हवा, आणि ती व्यक्ती संदर्भात इतरांहून ठळक हवी. जाणीव ही ठळकपणाची एक वाट झाली, एकमेव नव्हे.

इतिहास माझ्या मते बेकरच्या बाजूने साक्ष देतो. 'हिने सिल्फ्ने' जे करीत होते तेच ऑस्टिनचे 'हरसेल्फ' करते. म्हणून 'हरसेल्फ' दिसताच आपण नायिकेच्या मनात शिरलो असे ठरविणारी वाचनपद्धती तपासून घेतली पाहिजे. ऑस्टिनच्या 'एमा'मध्ये नायिका बहुधा ठळकही असते आणि जाणिवेचे केंद्रही. दोन्ही सिद्धांत तिथे सारखेच यशस्वी होतात आणि त्यामुळे तिथे काहीच सिद्ध होत नाही. कसोटी लागते ती पात्र बाहेरून पाहिले जात असताना, किंवा निवेदक त्याची थट्टा करीत असताना. तिथला 'हिमसेल्फ' पात्राच्या अंतरंगाचा नसून त्याच्या सामाजिक वजनाचा असतो. आयर्लंडच्या इंग्रजीत हे वजन अगदी उघडे पडते : तिथे सुटा 'हिमसेल्फ' म्हणजे घरधनी, आणि सिंगच्या नाटकांतील माणसे तो तसाच वापरतात. ह्या वजनाला तुच्छ अवधारण म्हणून बाजूस सारले, तर ऑस्टिनच्या उपरोधाचे एक साधन हातचे जाते.

मराठीत हे सारे एका शब्दावर पडत नाही. 'खुद्द मंत्री आले' ह्यातले वजन, 'मंत्र्यांनी स्वतः अर्ज लिहिला' ह्यातली परसाहाय्याची अनुपस्थिती, 'मी स्वतःही तिथे राहिलो आहे' ह्यातली भर, हे तिन्ही अर्थ इंग्रजी त्याच एका सेल्फकडून काढते आणि वाक्यातील स्थानावरून वेगळे करते. दूरस्थ संबंधासाठी मराठीजवळ 'आपण' आहे. काशी वाली ह्यांच्या अभ्यासाने हे दाखविले आहे की, 'आपण' आतल्या उपवाक्यात असूनही बाहेरच्या कर्त्याकडे निर्देश करू शकतो. वरील इंग्रजी वाक्य 'पत्र आपल्याखेरीज कोणासाठी नाही, हे त्याला ठाऊक होते' असे केले तर आपण त्याच्या जाणिवेत उभे राहतो. 'पत्र खुद्द त्याच्याखेरीज कोणासाठी नव्हते' केले तर बाहेर. ऑस्टिनचा मराठी अनुवादक ह्यांपैकी एक निवडतो, आणि तेवढ्यापुरता झ्रिबी-हेर्त्झ अथवा बेकर ह्यांच्यापैकी एकाचा पक्ष घेतो. मूळ वाक्यावर ही निवड करण्याची सक्ती नव्हती.