झोपेचे माप

आमच्या विद्यार्थीदशेत, गुरुविद्यालयातील वार्षिक तपसाधनेच्या दिवसांत, भोजन मौनाने होत असे आणि एक बंधू उभा राहून संतचरित्र वाचून दाखवीत असे. त्या वाचनातून एक समजूत आमच्या मनात पक्की बसली, ती ही की संत फार थोडे झोपतात. आविलाच्या संत तेरेजाने आपल्या आत्मचरित्राच्या सत्ताविसाव्या प्रकरणात आल्कांताराचे संत पीटर या फ्रान्सिस्कन संन्याशाविषयी लिहिले आहे. चाळीस वर्षे हे सत्पुरुष दिवसरात्र मिळून अवघा दीड तास झोपत असत, तेही बसल्या बसल्या, भिंतीत बसवलेल्या लाकडाच्या तुकड्यावर डोके टेकून. त्यांची खोली साडेचार फुटांहून लांब नव्हती; आडवे होणे शक्यच नव्हते. हे ऐकताना आम्ही खाली मान घालून वरणभात जेवीत असू आणि त्याच पहाटे चिंतनाच्या वेळी लागलेली डुलकी आठवून मनातल्या मनात शरमत असू.

ती शरम आम्ही पुढे इतरांच्या पदरात टाकली, हे कबूल करावयास हवे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात रविवारच्या दुसऱ्या मिस्साच्या वेळी मागच्या बाकावर एक तरुण डुलक्या घेताना आम्हांला दिसला. प्रवचन चालू होते. गेथशेमानी बागेत शिष्यांना एक तासही जागता आले नाही, त्याचा दाखला देऊन आम्ही थेट त्या बाकाकडे बोट केले. लोकांनी माना वळवल्या, काही हसले. तरुण उठला आणि बाहेर गेला. मिस्सानंतर त्याची आई वस्त्रागारात आली. रागावली नव्हती; उलट क्षमा मागितल्यासारखी बोलली. "फादर, तो रात्रपाळी करून स्टेशनवरून थेट चर्चला आला होता. घरी आला असता तर झोपला असता, आणि रविवार चुकला असता." आम्ही निरुत्तर झालो.

त्यानंतर आम्ही संतचरित्रे बाजूला ठेवून मठांच्या नियमावल्या वाचावयास घेतल्या. चरित्र एका असामान्य माणसाचे असते. नियम मात्र सामान्यांच्या समूहासाठी लिहिलेला असतो. झोपेविषयी ख्रिस्तसभेने खरोखर काय ठरवले, हे पाहावयाचे तर नियमांकडेच जावे लागते.

प्रारंभ इजिप्तच्या वाळवंटातून झाला. चौथ्या-पाचव्या शतकांत तेथे राहणाऱ्या तपस्व्यांत अब्बा आर्सेनियस हे जागरणासाठी प्रसिद्ध होते. शनिवारी मावळत्या सूर्याकडे पाठ करून ते प्रार्थनेस उभे राहत आणि रविवारी उगवता सूर्य तोंडावर येईपर्यंत हात खाली घेत नसत. लढवय्या संन्याशाला एक तासाची झोप पुरे, असे त्यांचे मत नोंदले गेले आहे. परंतु ज्या संग्रहात हे मत आहे त्याच संग्रहात अब्बा पोइमेन यांची गोष्टही आहे, आणि ती मात्र आम्हांला जेवणाच्या टेबलावर कुणी वाचून दाखवल्याचे स्मरत नाही. काही वृद्ध तपस्व्यांनी त्यांना विचारले, की उपासनेच्या वेळी एखादा बंधू पेंगताना दिसला तर त्याला चिमटा काढून जागे करावे काय? पोइमेन म्हणाले, की असा बंधू दिसला तर आपण त्याचे डोके आपल्या मांडीवर घेऊ आणि त्याला विसावू देऊ.

पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल परिसरात 'निद्राहीन' या नावाचा संन्याशांचा एक संघ निघाला. नाव ऐकून दचकायला होते. प्रत्यक्षात या मठातील स्तुतिगान अहोरात्र अखंड चालावे म्हणून बंधूंच्या तुकड्या पाडल्या होत्या. एक तुकडी गात असे तेव्हा दुसरी झोपत असे. निद्राहीन होता तो मठ. माणसे पाळीपाळीने झोपतच होती. कारखान्यातील पाळ्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही व्यवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पश्चिमेकडील मठजीवनाला खरे वळण लावले ते संत बेनेडिक्ट यांनी. इसवी सन ५३० च्या सुमारास मॉन्ते कासिनो येथे त्यांनी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्या आठव्या प्रकरणात झोपेचे माप सापडते. १ नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत बंधूंनी रात्रीच्या आठव्या तासाला उठावे, असे ते सांगतात. हा आठवा तास आपल्या घड्याळातला नव्हे. रोमन पद्धतीत सूर्यास्त ते सूर्योदय या काळाचे बारा समान भाग करीत. म्हणून हिवाळ्यात रात्रीचा तास लांबे आणि उन्हाळ्यात आखूड होई. मॉन्ते कासिनोच्या अक्षांशावर डिसेंबरची रात्र पंधरा तासांच्या जवळपास असते. तेव्हा त्या रात्रीचा एक तास आपल्या सव्वा तासाएवढा, आणि आठवा तास म्हणजे आपले पहाटेचे दोन किंवा त्याच्या आगेमागे. दोन वाजता उठणे हे ऐकायला कठोर वाटते. पण बंधू अंधार पडल्यावर लगेच अंथरुणावर जात, हे ध्यानात घेतले की हिशेब आठ तासांच्या आसपास येतो. बेनेडिक्टनी कारणही दिले आहे आणि ते अगदी घरगुती आहे: अर्ध्या रात्रीहून थोडी अधिक विश्रांती व्हावी आणि उठताना जेवण पचलेले असावे.

उन्हाळ्यात रात्र नऊ तासांवर येते. पहाटेची उपासना उजाडण्याबरोबर व्हावयाची, म्हणून जागरण-प्रार्थना त्याआधी; साहजिकच रात्रीची झोप तुटपुंजी पडते. ही तूट बेनेडिक्ट दिवसा भरून देतात. ईस्टरपासून १ ऑक्टोबरपर्यंत दुपारच्या भोजनानंतर सर्वांनी आपापल्या खाटेवर मौनाने पडावे. कुणाला वाचावयाचे असेल त्याने दुसऱ्याला त्रास होणार नाही असे वाचावे. तेव्हा एकट्याने वाचतानाही मोठ्याने वाचण्याची रीत होती, म्हणून ही सूचना. आमच्याकडे दुपारच्या वामकुक्षीला आळस समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे अठ्ठेचाळिसावे प्रकरण अवश्य पाहावे.

बाविसाव्या प्रकरणात झोपेची रीत आहे. प्रत्येकाला स्वतंत्र खाट. शयनगृहात पहाटेपर्यंत दिवा. कपडे व कमरपट्टा अंगावरच, परंतु चाकू मात्र काढून ठेवलेला, स्वप्नात स्वतःला इजा होऊ नये म्हणून. तरुण बंधूंच्या खाटा एकमेकांशेजारी नकोत, वडीलधाऱ्यांच्या मध्ये असाव्यात. उठताना सर्वांनी एकमेकांना हळुवार धीर द्यावा, कारण झोपाळू मंडळी सबबी सांगतात. 'हळुवार' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. याहून सुंदर तरतूद त्रेचाळिसाव्या प्रकरणात आहे. जागरण-प्रार्थनेच्या आरंभीचे स्तोत्र, आपल्या बायबलातील ९५ वे, मुद्दाम अतिशय सावकाश म्हणावे, म्हणजे उशिरा जागा झालेल्याला पोहोचावयास अवधी मिळेल. त्यानंतर जो येईल त्याने शेवटच्या जागी उभे राहावे, पण बाहेर राहू नये. बाहेर ठेवले तर तो पुन्हा जाऊन अंथरुणावर पडेल किंवा अंगणात गप्पा मारीत बसेल, अशी रास्त भीती बेनेडिक्टना वाटत होती. माणसांचा पुरा अनुभव घेतलेला हा मठाधिपती होता. मद्याचे माप ठरवताना, प्रत्येकाला देवाचे दान निरनिराळे असते, तेव्हा दुसऱ्याचे माप आपण ठरवताना संकोच वाटतो, असे त्यांनी लिहून ठेवले. झोपेच्या बाबतीत मात्र ऋतू बदलला तरी माणसामाणसांत त्यांनी फरक केलेला नाही. सर्वांना घंटा एकच.

१०८४ साली संत ब्रूनो यांनी स्थापिलेल्या कार्थुसियन संघात झोप दोन भागांत विभागली गेली. लवकर निजावयाचे, मध्यरात्रीच्या सुमारास उठून दोन-तीन तास उपासना करावयाची आणि पुन्हा झोपावयाचे. हा क्रम तेथे आजही चालतो. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ पासून दाखवून दिले आहे, की विजेचे दिवे येण्यापूर्वी युरोपातील प्रापंचिक लोकही 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असा भेद करीत आणि मधल्या जागेपणी प्रार्थना, गप्पा, किरकोळ कामे उरकीत. सगळीकडे असेच होते असे मात्र नव्हे.

माणसामाणसांतील फरक नियमात शब्दांनी लिहिला गेला तो येशूसंघात, आणि त्यामागे संस्थापकाचा स्वतःचा अनुभव आहे. १५२२ मध्ये मानरेसा येथे राहत असताना संत इग्नेशियस रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करीत आणि मध्यरात्री उठत. झोपेसाठी राखलेला वेळ मुळातच थोडा होता. तेवढ्यात अंथरुणावर पडले की त्यांच्या मनात दिव्य प्रकाश आणि सांत्वने दाटून येत आणि झोप उडे. कोणत्याही चरित्रकाराने येथे टाळ्या वाजवल्या असत्या. इग्नेशियसनी मात्र विचार केला, की परमेश्वरासाठी आपण एवढा वेळ नेमून दिला आहे, शिवाय उरलेला दिवसही त्याचाच आहे. मग हा प्रकाश नेमका झोपेच्या वेळीच का येतो? तो चांगल्या आत्म्याकडून येत असेल काय, याची त्यांना शंका आली, आणि ते सारे सोडून नेमलेला वेळ झोपणे बरे, असे ठरवून ते झोपू लागले. उतारवयात सांगितलेल्या आत्मकथनात ही हकिकत आहे. सांत्वनापेक्षा झोप निवडणारा हा संत आम्हांला पन्नाशीत भेटला, याची खंत वाटते.

१५३६ साली बार्सेलोनातील तेरेसा रेजादेल या धर्मभगिनीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी, रात्री डोके शिणवणाऱ्या चिंतनामुळे झोप जात असेल तर ते कटाक्षाने टाळावे, असा सल्ला दिला. १५४८ मध्ये गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा, जे पुढे स्वतः संत झाले, त्यांना प्रार्थनेचा वेळ निम्म्यावर आणण्यास सांगितले. शरीरही देवाचेच आहे आणि त्याचाही हिशेब द्यावयाचा आहे, हा युक्तिवाद. इग्नेशियस १५५६ मध्ये निवर्तले आणि संघाची घटना १५५८ मध्ये मान्य झाली. तिच्या तिसऱ्या भागात झोपेसाठी सर्वसाधारणपणे सहा ते सात तास सांगितले आहेत. पण लगेच पुढे, व्यक्ती आणि प्रकृती इतक्या भिन्न असताना ठाम नियम करता येत नाही, म्हणून हा वेळ कमी किंवा अधिक करणे वरिष्ठांच्या विवेकावर सोपवले आहे. १५७९ साली गोव्यास उतरलेले आपले ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे याच घटनेखालचे. साष्टीत त्यांची झोप किती होती ते ठाऊक नाही. नियमाने तिला जागा मात्र ठेवलेली होती.

या 'भिन्न प्रकृतीं'विषयी विज्ञानाला बोलावयास आणखी साडेचारशे वर्षे लागली. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एका आई आणि मुलीची नोंद केली. दोघी सव्वासहा तासांच्या आसपास झोपूनही ताज्यातवान्या असत आणि दोघींच्या एका जनुकात तोच विरळा बदल आढळला. तेव्हा थोडक्या झोपेवर भागणे हे काहींच्या बाबतीत जन्मजात देणे आहे. सरावाने ते कमावता येत नाही. आल्कांताराच्या दीड तासाचे कोडे यामुळे सुटत नाही, ते असो. अमेरिकेतील राष्ट्रीय निद्रा प्रतिष्ठानने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार ६ ते १३ वर्षांच्या मुलांना ९ ते ११ तास, १४ ते १७ वयोगटाला ८ ते १०, प्रौढांना ७ ते ९ आणि पासष्टीपुढे ७ ते ८ तास झोप हवी. किशोरवयात शरीराचे आतले घड्याळच पुढे सरकते, म्हणून मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे जाग येत नाही. दहावीच्या मुलाला पाचला उठवून पुस्तकापुढे बसवणाऱ्या आपल्या घरांनी हे आकडे एकदा पाहावेत. रात्रपाळीवाल्याला तर या घड्याळाशी रोजच झगडावे लागते. दिवसा अंथरुणावर पडूनही त्याची झोप पुरी होत नाही.

लिझ्यूच्या संत तेरेझाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कार्मेल मठातील ही तरुण भगिनी प्रार्थनेच्या वेळी झोपी जाई, आणि हे तिने लपवले नाही. मूल जागे असो की झोपलेले, आईबापांना सारखेच प्रिय असते, असे तिने स्वतःचे समाधान करून घेतले. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर रोग्याला झोपवतातच, असेही पुढे जोडले. १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी ती क्षयाने वारली. १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात जागरण-प्रार्थना दिवसाच्या कोणत्याही वेळी म्हणण्याची मुभा दिली, तेव्हा धर्मग्रामांत राबणाऱ्या आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली.

गेथशेमानीचा तो उतारा आम्ही नंतर पुन्हा वाचला. शिष्यांना बोल लावल्यावर त्यांचा देह दुबळा आहे, हे प्रभूने स्वतःच बोलून दाखवले आहे. संत लूकने तर कारण दिले आहे: ते दुःखाने शिणून झोपले होते. प्रवचनात आम्ही नेमका तेवढाच भाग गाळला होता.

त्या तरुणाच्या घरी आम्ही एका दुपारी गेलो. तो आतल्या खोलीत झोपला होता. आई हाक मारू लागली, तिला आम्ही थांबवले आणि ओट्यावर बसलो. दोनदा चहा झाला. तीनच्या सुमारास तो डोळे चोळीत बाहेर आला, आम्हांला पाहून गोंधळला. आम्ही झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "पण फादर, मी खरंच झोपलो होतो." आम्ही म्हटले, ते आम्ही पाहिले होते.